माळकऱ्याचा गळ

१० डिसेंबर २००६, रविवार

छाया शेवटी बोलली! मुलगा तिच्याच ऑफिसातला. मनापासून आवडलाय. नाव विचारलं तर म्हणे, "बाबा, नाव आत्ता नाही. मागच्या वेळी तुम्ही त्या मुलाच्या मागे स्कूटर घेऊन त्याच्या घरापर्यंत गेला होतात!"

गेलो होतो. बापाने नाही जायचं तर कोणी जायचं?

पोर सत्तावीसची झाली. आशाच्या मते आधीची सगळी स्थळं माझ्या चौकशांमुळेच गेली. बायको एरवी मला बोलत नाही, पण आज म्हणाली, "हे मोडलं तर छाया परत लग्नाचं नाव काढायची नाही." लागलं मला ते. दिवसभर कशात लक्ष नव्हतं.

१३ डिसेंबर, बुधवार

उद्या मासे धरायला कोकणात. आमच्या टोळीतला पुंजाराम ऐन वेळी सांगतो, सोबत एक पाहुणे आहेत, चांदवडचे. इतकी वर्षं धरणावर आम्ही चौघंच मासे धरतो, कधी पाचवा नव्हता. आत्ताच कसा उगवला?

१४ डिसेंबर, गुरुवार

पोचलो. खाडीच्या तोंडावर एकच लॉज, मागे सुरूची झाडं. मोबाईलला रेंज नाही. लॉजवाल्या लताबाईंनी गोव्याहून कयाक आणल्यात — प्लॅस्टिकच्या अरुंद होड्या, वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. हलल्या की दोन्ही हातांनी कड धरावी लागते, पण मजा आहे!

पाहुण्याचं नाव सावळीराम. साठीचा, कांद्याची शेती. आणि गळ्यात तुळशीची माळ! मासा खात नाही, शिवत नाही. मग मासे धरायच्या सहलीला आला कशाला? जेवताना आम्ही सुरमईवर ताव मारला, हा आपला वरणभात खात माझ्याकडे बघत बसला.

पिशवीत पेढ्यांचा पुडा आहे. कुणालाच देत नाही.

१५ डिसेंबर, शुक्रवार

चार जणांत नेमका माझ्याच होडीत बसला. दोघांची होडी, हा पुढे. पाण्याला जाम घाबरतो, वल्हं उलटं धरतो, गळाला आमिषही लावत नाही! "जीव कशाला घ्यायचा? दोरी सोडून बसायला बरं वाटतंय," म्हणाला. आणि विचारतो काय, तर — "भाऊ किती तुम्हाला? वाटण्या झाल्या का? मळ्याला पाणी विहिरीचं हाय का कालव्याचं?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्या गुलाबाच्या मळ्यावर मागच्या महिन्यात दोन बिल्डर येऊन गेले. दोघांनाही हाकललं मी. आता हा माळ घालून पाठवलाय! पुंजारामलाही काहीतरी मिळणार असेल.

विचारलं पुंजारामला तोंडावर. "भिमा, तू लय संशयी हाये रे," म्हणून हसला. नजर मात्र चुकवली. मी बघितलं ना!

१६ डिसेंबर, शनिवार

सकाळी तांबोशी लागली, चांगली हातभर! सावळीरामने जाळी धरून मदत केली, माशाकडे न बघता. "तुमचा हात लय हलका हाय," म्हणाला. माणूस वाईट वाटत नाही. म्हणूनच जास्त भीती वाटते.

खाडीकाठी एकटा बसलो की छायाचा चेहरा समोर येतो. ठरवलं — घरी गेल्या गेल्या सांगायचं, घेऊन ये मुलाकडच्यांना. एकही प्रश्न विचारणार नाही. स्कूटर तर काढणारच नाही.

दुपारी पुन्हा तोच होडीत. "राग लवकर येतो का हो तुम्हाला?" मग हळूच, "लेकरं किती?"

म्हटलं, एकच मुलगी.

"तिचं काय मग?"

आलास ना मुद्द्यावर! मळा पुढे कोणाच्या नावावर जाणार, तेच काढून घ्यायचं होतं. मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. ठोकून दिलं — "तिचं ठरलंय. साखरपुडा झाला. जावई वकील आहे, हायकोर्टात! मळा त्याच्याच नावावर करणार."

सावळीरामचं वल्हं पाण्यातच राहिलं. मग विचारलं, "पोरीच्या मनानं ठरलं ना?"

"म्हणजे काय! तिनंच निवडलाय."

"चांगलं झालं," म्हणाला. दोरी गुंडाळली आणि होडी काठाला घ्यायला सांगितली.

जिरवली! रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१७ डिसेंबर, रविवार

सावळीराम गेला! आम्ही उठायच्या आत पहिल्या यष्टीने. लताबाईंकडे निरोप — तब्येत बरी नाही. पेढ्यांचा पुडा त्यांच्या नातवंडांना देऊन गेला. लताबाई म्हणतात, "डोळे लाल होते त्यांचे. झोपले नसावेत."

बिल्डरला काय तोंड दाखवणार बिचारा!

पुंजाराम एकदम पांढरा पडला. "काल त्याच्या होडीत तूच होता ना? काय बोलला तू त्याला?" मी म्हटलं, मी कुठे काय बोललो. घोटीला चहाला थांबलो तर तो गाडीतून उतरलाही नाही. बसू दे फुगून.

मी मात्र खुशीत. मळाही वाचला, आता पोरीचं बघतो. उशिरा पोचणार, सगळे झोपलेले असतील. सकाळीच सांगेन तिला.

१८ डिसेंबर, सोमवार

उठलो तर चहा तयार. छाया ऑफिसला गेली नव्हती. आईच्या मागे उभी, गालात हसत.

मी तोंड उघडायच्या आत आशाच म्हणाली, "सांगा आता. पुंजारामभाऊजींना शपथ घातली होती आम्ही, म्हणून गप्प होते ते. कसे वाटले चांदवडचे व्याही?"