बहिऱ्या बायकोची तारकचेरी

हेझल बेंड, युटा प्रांत
१४ ऑक्टोबर १८६९

ती. केझायाताईस,

धाकट्या फिलीनाचा नमस्कार. तुझा संधिवात, तुझ्या कोंबड्या आणि तुझे यजमान, तिघेही बरे असतील अशी आशा आहे (यजमान शेवटी आले ते मुद्दाम नव्हे, गेल्या पत्रात तूच त्या क्रमाने लिहिलं होतंस). इकडे सर्व ठीक. टोळ यंदा आले नाहीत, सफरचंदं वाळत घातली आहेत आणि मला आणखी एक सवत आली आहे. पहिली सवत बोथिल्डा हिला त्याचं काही वाटलं नाही. ती डेन्मार्कची आहे; चीज सोडून तिला कशाचंच काही वाटत नाही.

आता लगेच ‘तरी मी सांगत होते’ म्हणून सुरू होऊ नकोस. दर पत्रात तू विचारतेस की न्यूयॉर्कसारख्या सुधारलेल्या मुलखातली मुलगी ह्या मॉर्मन लोकांच्या नादी लागलीच कशी. ताई, तू बाबांना विसरलीस. सात वर्षं ते टोपीत गुळगुळीत दगड टाकून, वर तोंड खुपसून टेकडीतला स्पॅनिश खजिना बघत होते. दिसायचा रोज. खणायला गेलं की मात्र कुणीतरी मधेच बोलायचं आणि पेटी हातभर खाली जायची (बोलणारी नेहमी आईच निघायची). त्या आईने एका उन्हाळ्यात तीन पंथ बदलले, कारण तिन्ही पंथांच्या प्रचारकांचे तंबू आपल्याच कुरणात होते आणि कुणाला नाही म्हणणं तिच्या जिवावर यायचं. सायरसमामांनी तर चव्वेचाळीस साली, बावीस ऑक्टोबरला जग बुडणार म्हणून बटाटे काढलेच नाहीत, आणि तेवीस तारखेला आपल्याकडे जेवायला आले ते वसंतापर्यंत हलले नाहीत. खाण तशी माती. अशा मुलखात एखाद्या टेकडीतून आमचा सोन्याच्या पत्र्यांवरचा धर्मग्रंथ निघाला तर नवल ते काय? आपल्या कुरणात निघाला नाही, ह्याचंच बाबांना मरेपर्यंत वाईट वाटलं.

तर तीन वर्षांपूर्वी इथे तार आली. खांब आमच्याच लोकांनी पुरले, तार आमच्याच लोकांनी ओढली, आणि देवाने ही विद्या माणसाला दिली ती मुळी आमच्या राज्यासाठीच, असं व्यासपीठावरून जाहीर झालं (बाकीचं जग बावीस वर्षं ती वापरत होतं, ती बहुधा चाचणी असावी). पुरुष शेतात, म्हणून यंत्रावर बायका. गावची तारकचेरी आमच्या पुढच्या खोलीत, आणि तारबाई मी. आमच्या ह्यांची, म्हणजे ब्रदर ऑरिन पेटिबोन यांची समजूत अशी की यंत्र आपोआप कागदावर लिहितं आणि बाई नुसता कागद फाडून देते. ती टकटक कानाने वाचता येते, आणि रिकाम्या दुपारी गावोगावच्या तारबाया तिच्यावर काकडीच्या लोणच्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं बोलतात, हे कळायला ह्यांना घटकाभर तोंड मिटून त्या खोलीत बसावं लागलं असतं.

तारेवर आम्हाला नावं नसतात, एकेक अक्षर असतं. मी ‘एफ’. साठ मैलांवरच्या रेड फोर्डची ‘टी’, म्हणजे टॅमर. वय बावीस, आईबाप इकडे येतानाच वाटेत वारले, तिथेच माळावर पुरले. दोन वर्षं आम्ही रोज बोलत होतो, पण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ऑगस्टात तिने विचारलं, तुझ्या गावच्या ब्रदर पेटिबोनना ओळखतेस का? काकवी विकायला येतात, आता मागणी घालून गेलेत. म्हणतात, थोरली बायको ठार बहिरी, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली, धाकटी परदेशी, घराला हात हवा.

माझ्या मांडीवर तेव्हा ह्यांचेच मोजे होते, रफूला घेतलेले. मी कळवलं, “ओळखते. ती बहिरी मीच.”

तिकडे ती हसायला लागली. तारेवरचं हसणं म्हणजे नुसता खडखडाट. यंत्र मोडलं की काय म्हणून बोथिल्डा चीज टाकून बघायला आली. हसून झाल्यावर पोरीने खरं सांगितलं. तिला नाही म्हणायची सोयच नव्हती. तिच्या गावच्या बिशपने बजावलं होतं, नाताळपर्यंत लग्न ठरव, नाहीतर मी आहेच. बिशपचं वय एकसष्ट, बायका चार, दात तीन. “एफ,” ती म्हणाली, “तू सांगशील तसं करते.”

दोन दिवस मी काही सांगितलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ह्या माणसाच्या बैलगाडीमागून मी हजार मैल चालले आहे. आणि त्याने मला काय ठरवावं, तर बहिरी! तिसऱ्या दिवशी टॅमरला कळवलं, हो म्हण, पुढचं मी बघते.

आमच्यात थोरल्या बायकोच्या संमतीशिवाय आणि सॉल्ट लेकच्या वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय लग्न लागत नाही. परवानगी मागायची ती तारेने, आणि तार पाठवणार कोण, तर मी. ह्यांनी दाढी विंचरली, खुर्ची ओढली आणि मजकूर सांगायला सुरुवात केली, की पहिल्या पत्नीने आनंदाने संमती दिली आहे.

“कधी दिली?” मी विचारलं.

“आता देशील ना,” हे म्हणाले, तेही मोठ्याने आणि सावकाश. स्वतःची थाप बहुधा स्वतःलाच पटली होती.

मी म्हटलं, देते, पण मजकूर फार कोरडा वाटतो. वडीलधाऱ्यांना निष्ठा दिसायला हवी. शेवटी घाला, ‘देवाच्या कामासाठी पाठवाल तिथे, सांगाल तितके दिवस जाईन.’ ह्यांना ते वाक्य इतकं आवडलं की आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. तारबाईने मजकुरातला शब्द बदलायचा नाही अशी आम्हाला शपथ आहे. मी एकही बदलला नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. परवानगी आहे. सॉल्ट लेकला येऊन लग्न लावून घ्या आणि दुसऱ्या सकाळपासून इथेच प्रचारकांच्या वर्गात राहा. ऑक्टोबरअखेर जथा रेल्वेने निघेल. इंग्लंड, तीन वर्षं. मी ते ह्यांना वाचून दाखवलं, मोठ्याने आणि सावकाश.

ह्यांनी कागद मागितला, पुढून पाहिला, मागून पाहिला. “माझ्या गुडघ्याचं कळवलं नाहीस?”

“तुम्ही सांगितलं नाहीत,” मी म्हटलं.

नव्या नवरीचा हात थोरलीने नवऱ्याच्या हातात द्यायचा असतो. मी दिला, आणि दुसऱ्या सकाळी तिला घेऊन घरी आले. टॅमर माझ्यापेक्षा वीतभर उंच निघाली. तारेवर मला ती ठेंगणी वाटायची. आता आम्ही तोंडाने बोलतो. अजून सवय नाही, त्यामुळे महत्त्वाचं काही असलं की टेबलावर टकटक करतो.

तुझ्या कोंबड्यांना आणि यजमानांना आठवण सांग.

तुझी,
फिलीना

ता. क. पत्र खरं म्हणजे ह्यासाठी, की हे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोटीपूर्वी दोन दिवस तुझ्याकडे उतरतील. गुडघा पुढे करून हिवाळाभर राहायला बघतील. राहू देऊ नकोस. आमच्यात कॉफी वर्ज्य, म्हणून औषधाच्या नावाने मागतील, ती दे.

ता. क. दुसरा. गाडीत बसवायला तू स्वतः जा आणि निघतानाचं तोंड नीट बघ. रडत गेले तर लगेच तार कर; दुपारी दोननंतर कर, तेव्हा यंत्रावर मीच असते, टॅमर नसते. हसत गेले तर पत्रानेच कळव. घाई नाही.