नानांच्या गाडीची राखण

२० सप्टें. १९६२, गुरु.
गल्लीतल्या डॉक्टरांची जुनी गाडी चोरीला गेली. भरदिवसा, त्यांच्या दवाखान्यासमोरून. ते आत पेशंटची जीभ बघत होते तेवढ्यात. गेल्या महिन्यात बेंगळुरातच चामराजपेटेतून अशीच एक गेली. दोन्ही युद्धाआधीच्या. म्हणजे चोराला जुन्याची आवड आहे, आणि आमची तर १९३४ची.
कालच नानांचा पक्ष झाला. पानावर बसलेला जो तो म्हणत होता, वडिलांची गाडी छान ठेवलीस हो. वाटणीत भावाला घर गेलं, मी एवढी गाडी मागून घेतली. ती गेली तर नानांचं म्हणून माझ्याकडे उरेल काय?
ऑफिसात एकच पत्र दोनदा टाइप केलं.

२२, शनि.
हाफ डे. घरी येतो तर फाटकाशी टेरिलिनचा शर्ट घातलेला कोणी उभा, आणि अक्का त्याला गाडीचं पुराण सांगतेय. कितीची, कुठे ठेवतो, चालते का. वर ताकही दिलं! माझ्याहून बारा वर्षांनी मोठी बहीण, पण पोच म्हणून नाही.
"विचारलं तर सांगायचं नाही का रे? चांगल्या घरचा दिसला."
चोर काय कपाळावर पाटी लावून येतो?
शेडला नवं कुलूप आणलं. जुनं गंजलंय असं अक्काला सांगितलं. गंजलेलं नव्हतं.

२५, मंगळ.
ऑफिसातले एक जुने सहकारी युद्धात लष्करी गाड्या चालवायचे. म्हणाले, कुलपाबिलपाचं काही खरं नाही. इंजिनातला रोटर काढून खिशात घालायचा. अंगठ्याएवढी वस्तू, पण ती नसली की स्टार्टर मारून मारून चोराचा हात दुखेल, गाडी हलायची नाही.
घरी येऊन काढला. दोन स्क्रू पडले, एक सापडला. रोटर हत्यारांच्या डब्यात, पान्यांच्या खाली. बरं वाटलं. जेवलो नीट.

२७, गुरु.
बरं वाटलं ते दोनच दिवस.
आज बस चुकली म्हणून चालत आलो, मुनियप्पाच्या गॅरेजवरून. टेरिलिनवाला तिथे! मुनियप्पाच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होता. मी पानाच्या दुकानाआड उभा. चोरासारखा मीच.
मुनियप्पा म्हणजे नानांचा ड्रायव्हर. मला गाडी शिकवली त्यानेच. आता स्वतःचं गॅरेज आहे, पण आमच्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही. गाडीची दुसरी किल्ली नानांनी त्याला आपण होऊन दिलेली. शेडच्या कुलपाचीही. नव्याची दिलेली नाही.
नाही, तो असं करणार नाही.
पण मग हात खांद्यावर का?

३ ऑक्टो., बुध.
मुनियप्पा ब्रेक बघायला आला होता. मी ऑफिसात. कुलूप नवं बघून परत गेला. अक्काला म्हणाला, "सरी अक्का, सामी आल्यावर येतो." पुन्हा आला नाही.
राग आला असेल? की योजना फिसकटली? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते आता रोज अनुभवतोय.

७, रवि. खंडेनवमी.
लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.
दरवर्षी आयुधपूजेला मुनियप्पा येतो, गाडी धुतो, केळीचे खांब बांधतो, चाकांखाली लिंबं ठेवतो आणि स्वतः गाडी चालवून ती चिरडतो. सकाळी त्याच्या आधी उठून रोटर परत बसवायचा असा माझा बेत. अंघोळ करून येतो तर अक्काची पूजा आटोपलेली. विळी, कात्री, माझे पाने, सगळं पाटावर मांडलेलं, आणि मधोमध रोटर. हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल.
"हे काय ते कळलं नाही, पण लोखंडाच्या डब्यात होतं म्हणून ठेवलं."
आमच्याकडे एकदा पूजेला लागलेलं हत्यार दशमीपर्यंत उचलत नाहीत. नानांनी कधी नखही कापलं नाही या दिवशी. मी हात पुढे केला तर अक्का अशी ओरडली!
तेवढ्यात मुनियप्पा आला. पांढरा शर्ट, नवं धोतर. मी शेडचं कुलूप काढून दिलं. शेजारचे वकील, त्यांची बायको, सगळे बघायला उभे. मुनियप्पाने स्टार्टर मारला. पुन्हा मारला. मग बॉनेट उघडून रोटरवरची टोपी काढली आणि आत बघत राहिला. त्याला कळायला वेळ लागला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.
"स्वल्प पाणी द्या अक्का," म्हणून आत गेला. देवघर समोरच, पाटावर रोटर.
बाहेर आला. वकिलांना म्हणाला, "बन्नी सामी, या, ढकलू." दोघांनी खांदा लावून गाडी लिंबांवरून ढकलत नेली. मीही ढकलली, मागून. लिंबं फुटली.
प्रसादाची चुरमुऱ्याची पुडी घेतली नाही त्याने. व्हरांड्याच्या कठड्यावर आपल्याकडची किल्ली ठेवली आणि "बरतेनी, येतो" म्हणून गेला.
लाज वाटते. एवढी लाज बापाच्या मारानेही वाटली नव्हती.

८, सोम. दसरा.
उत्तरपूजा होताच रोटर बसवला. पहिल्या झटक्यात सुरू. त्याचाच जास्त राग आला.
शमीची पानं घेऊन मुनियप्पाकडे गेलो. गॅरेज बंद. घरी त्याची बायको लक्ष्मम्मा. तो गावी गेलाय, म्हणाली, कधी येईल माहीत नाही. टेरिलिनवाल्याचं विचारलं.
"तो? गाडी मिळवून दे म्हणून दोनदा आला. यांनी हाकलला. ती गाडी विकायची नाही, आमच्या यजमानांची आहे, म्हणाले."
आमच्या यजमानांची. नाना जाऊन नऊ वर्षं झाली.
पानं दिली. त्याची किल्ली दिली, नव्या कुलपाचीही. म्हटलं, ब्रेक ओढतोय, त्याला वाटेल तेव्हा घेऊन जाऊ दे. मला विचारायची गरज नाही.

१०, बुध.
आला नाही. रोटर गाडीतच ठेवलाय. चारदा शेडपर्यंत गेलो, हात लावला नाही.

१२, शुक्र.
शेड रिकामं.
अक्का बनशंकरीच्या देवळात, मी ऑफिसात. चार वाजता येऊन बघतो तर दार उघडं, कुलूप न फोडता कडीला अडकवलेलं. वकिलांच्या बायकोने गाडी जाताना पाहिली. चालवणारा? पांढरा शर्ट, एवढंच. पांढरे शर्ट सगळ्या बेंगळुरात.
धावत गॅरेजवर गेलो. कुलूप. घरालाही कुलूप. शेजारी म्हणाले, सकाळपासून कोणी दिसलं नाही.
वकील कोट घालून तयार आहेत. चौकीवर चला म्हणतात, जितका उशीर तितकी गाडी लांब. खरं आहे. पण तिथे पहिला प्रश्न विचारतील, दुसरी किल्ली कोणाकडे? आणि मला त्याचं नाव सांगावं लागेल. एकदा ते कागदावर आलं की तो गाडी धुऊनपुसून फाटकात घेऊन उभा राहिला तरी पुसलं जाणार नाही.
नानांची गाडी आहे ती.
पावणेपाच झाले. वकिलांना सांगितलं, सहापर्यंत थांबू. अक्का म्हणते, तोवर गाडी होसूरला हद्द ओलांडेल.
ओलांडली तर ओलांडली.