शून्याला जोडलेली शेपटी

मी खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा रेडिओदुरुस्ती (आता कुणी रेडिओ आणत नाही, तरी धंदा तोच), लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बायकोकडे मागितला असता तर मिळाला नसता. माझ्यावर कुणाचीही जबरदस्ती नाही.

१. राहतं घर बायकोचं. ते तसंही तिचंच होतं.

२. दुकान व सर्व हत्यारं मुलीला. ती मोबाइल दुरुस्त करते. तिनं माझे रेडिओतले जुने काचेचे व्हॉल्व्ह भंगारात देऊ नयेत.

३. मेहुण्यानं नेलेला व्होल्टेज मोजायचा मीटर त्याच्याकडेच राहू द्यावा. अकरा वर्षं मागून माझं तोंड दुखलं.

४. दुकानातल्या भिंतीवरचा शोधांचा आणि त्यांच्या सनांचा तक्ता थोरल्या भावाला, असं पहिल्या मसुद्यात होतं. दादा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. तक्ता आम्ही दोघांनी मिळून केला. उजवा रकाना त्याचा: इलेक्ट्रॉन, पुंजसिद्धान्त, सापेक्षता. डावा माझा: खड्याचा रेडिओ, व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर. दादा म्हणायचा, आधी सिद्धान्त, मग यंत्र. मी म्हणायचो, खड्यावर तार टेकवून लोक गाणी ऐकत होते तेव्हा तो खडा का बोलतो हे तुमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ट्रान्झिस्टरपाशी मात्र मी हार मानायचो, कारण तिथं त्याचंच खरं होतं.

तेवीस वर्षांपूर्वी पाहुण्यांदेखत तो मला "आमचा पक्कडवाला" म्हणाला. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तो तक्ता घेऊन व्याख्यानाला जाणार होता. मी डाव्या रकान्यात पहिल्या व्हॉल्व्हच्या १९०४ मधल्या शून्याला शेपटी जोडून १९१४ केलं. माझ्या रकान्यावर तो डोळे झाकून विश्वास ठेवायचा, म्हणून तिथंच केलं. सभेत एका पोरीनं उठून विचारलं, "सर, सुधारलेला व्हॉल्व्ह १९०६चा आणि पहिला १९१४चा? मुलगा बापाआधी जन्मला का?" सभागृह हसलं. दादा म्हणाला, "उतरवताना माझं चुकलं." त्यानंतर त्यानं बाहेर व्याख्यान दिलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. लाज वाटते.

हा कबुलीजबाब पहिल्या मसुद्यातही मी इथं लिहिला होता. वकीलबाई वाचून म्हणाल्या, "काका, हे तुम्ही गेल्यावर वाचून त्यांनी भांडायचं कुणाशी?"

म्हणून काल सकाळी जाऊन सांगितलं. दादानं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाला, "गाढवा! मला वाटलं तुला वर्ष माहीत नव्हतं. चारचौघांत तुझं हसं होऊ नये म्हणून मी चूक माझ्या अंगावर घेतली." मग मला एक धपाटा घातला आणि वहिनीला चहा टाकायला सांगितला. मी रडलो. काल दुपारी जेवून झोपलो तो थेट संध्याकाळी उठलो, अशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

दादाला साक्षीदार व्हायचं आहे. वकीलबाईंनी बजावलं, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तो म्हणाला, "नाही मिळालं तर नाही. हा आकडे बदलतो, कागद मीच तपासणार." म्हणून कलम चार रद्द. तक्ता मुलीला.

स्थळ: दुकानातलं टेबल
तारीख: ११ मार्च, मंगळवार
लिहून देणार: पक्कडवाला (सही)

साक्षीदार:
शेजारचे घड्याळजी (सही)
थोरला भाऊ (सही). सगळे आकडे तपासले. बरोबर आहेत.