दमूच्या नावाची कोरी चिठ्ठी

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
१० नोव्हेंबर २०२४

चि. दमूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यंदाची भाऊबीज तुझ्याविना गेली. न्हाणीत घसरून उजवा हात मोडून घ्यायला तुला दिवाळीचाच मुहूर्त सापडला का गं? एकाहत्तराव्या वर्षी ओल्या फरशीवरून तोऱ्यात चालू नये, एवढंही तुला आता मीच सांगायचं का? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडायला माझ्यात दम नाही, म्हणून आपलं पत्रच बरं. उत्तर ओवीकडून लिहून घे. नातीचं अक्षर मुंग्यांची रांग असलं तरी मला लागतं वाचायला.

माझी बातमी म्हणजे पुस्तक एकदाचं शहागंजात तौफिकच्या छापखान्यात गेलं. हस, खुशाल हस. सगळेच हसतात. तेहेतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून मास्तरांनी पुस्तक काढलं ते एका क्रियापदाचं! 'सेट'. इंग्रजीत अक्षरं तीन.

हे खूळ कुठून लागलं ते तुला कधी सांगितलं नाही बहुतेक. चौऱ्याऐंशी साली आठवीच्या वर्गात गोकुळ नावाच्या मुलानं भाषांतरात 'आईनं दही मांडलं' असं लिहिलं. मी सगळ्यांसमोर त्याची टर उडवली. तो उभा राहून म्हणाला की सर, काल तुम्हीच सेट म्हणजे मांडणं असं शिकवलंत, पाट मांडलेले चालतात तर दह्यानं काय घोडं मारलं? मी घरी येऊन यादी करायला बसलो. सूर्य मावळतो, दही लागतं, गजर लावतात, पेपर काढतात, माणूस वाटेला लागतो. इंग्रजांनी सगळ्याला एकच शब्द वापरलाय. त्या दिवशी जो बसलो तो अजून उठलेलो नाही.

नियम मात्र पहिल्या दिवसापासून एकच. शब्दकोशातून उतरवायचं नाही. ज्याचं ते काम, त्याच्याकडं जाऊन त्याच्या तोंडून शब्द ऐकायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि खाली त्याचं नाव घालायचं. नाव नाही तर चिठ्ठी नाही. सराफ्यात राहतभाई अंगठीत खडे बसवतात, त्यांच्या शेजारी मी तासभर बसलो होतो. सोन्याची कड खड्यावर दाबताना त्यांनी श्वास धरला, तर मीही धरला. मग त्यांनी अंगठी उलटी करून झटकली, खडा हलला नाही, आणि ते हळूच म्हणाले, 'जडला'. अगं, अंगावर काटा आला माझ्या. तोच गोकुळ आता मोसंबीची बाग करतो. फुलं गळून गेल्यावर त्यानं मला झाडाखाली नेलं आणि मटाराएवढी हिरवी फळं दाखवून 'फळ धरलं' म्हणाला. एवढ्याशा देठानं ते झाडाला धरून होतं. मी देवळात सहसा जात नाही, पण तिथं माझे हात आपोआप जोडले गेले.

सांडू गवंड्यानं मात्र माझी फजिती केली. स्लॅब ओतल्यावर त्याला विचारलं की हे घट्ट होतं त्याला मराठीत काय म्हणतोस. तो म्हणाला 'सेट'. मी म्हटलं बाबा, मराठीत सांग. तर माझ्याकडं कीव करून बघत म्हणाला की मास्तर, हे मराठीच हाय, माझा बापबी हेच म्हणायचा. लिहिलं तसंच, खाली सांडूचं नाव घातलं.

तौफिकनं मोजल्या, चिठ्ठ्या सत्त्याण्णव आहेत. शहाण्णव भरलेल्या, एक कोरी. ही गाळू का, म्हणून त्यानं विचारलं. गाळू नको म्हणालो. तो संक्रांतीपर्यंत थांबतो म्हणतो, नंतर मशीनवर चढवणार. त्या चिठ्ठीचं पुढं कधी तरी लिहीन.

हाताला जप. लोभ आहेच तुझा, तो प्लास्टरखाली दडपून ठेवू नकोस.

तुझा
श्रीधरदादा

परभणी
१९ नोव्हेंबर २०२४

ती. मामाआजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आजी सांगतेय आणि मी लिहितेय. तिनं शपथ घातलीय की तिचे शब्द बदलायचे नाहीत. मुंग्यांच्या रांगेबद्दल आपण नंतर भांडू. आता पुढचं आजीचं.

दादा, मी तोऱ्यात चालत नव्हते. साबण पडला होता. साबण कुणाचा होता ते ओवीला विचार. (माझा होता. माफी मागून झालीय.) हात ठणकतो, पण रडण्यासारखं काही नाही. सून पोळीचा घास करून भरवते आणि मी राणीसारखी आ करते. आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात मला कुणी विचारत नाही, त्याचंच दुखणं जास्त.

तुझं खडे बसवणाऱ्याचं वाचून मीही थक्क झाले. एवढं सगळं एका शब्दात कोंबून ठेवायचं म्हणजे इंग्रज कंजूष म्हणायचे की हुशार, तूच ठरव. कोंबडी अंड्यांवर बसवतात, ते घेतलंस का? घेतलं नसशील तर घे, पण खाली माझं नाव नको. दौलताबादच्या सरूबाईचं घाल. तिच्याच अंगणात पाहिलं होतं. आणि ती कोरी चिठ्ठी तशी ठेवून तिचं काय लोणचं घालायचंय? काय असेल ते लिही आणि मोकळा हो.

इथं आजीचं संपलं. ती पडून राहिलीय, म्हणून आता माझं.

मामाआजोबा, एक विचारायचं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाले की नवं मोडलंय ते ठीक, पण त्याच्या वर जुनं मोडलेलं आहे आणि ते वाकडं बसलंय. कुणी बसवलं, म्हणून विचारलं. आजी म्हणाली, गावातल्या सरूबाईनं. डॉक्टर म्हणाले की लगेच नेलं असतं तर असं झालं नसतं, इतका उशीर का केला? तर आजी म्हणते, लहान होते, आठवत नाही. आजीला आठवत नाही! जिला पाचवीतल्या बाईंच्या साडीचे काठ आठवतात, तिला.

तिचा उजवा तळहात वर होत नाही, हे मी जन्मापासून बघतेय. देवळात ती तीर्थ डाव्या हातावर घेते आणि गुरुजी दर वेळी रागावतात. आई म्हणते की याच हातापायी आजीची लग्नाआधी दोन स्थळं मोडली. बघायला आलेल्या बाईंनी हातावर साखर ठेवायला हात पुढं कर म्हटलं, आणि हिनं डावा केला. तुम्हाला माहीत असेल काय झालं होतं ते. आजी सांगणार नाही, तुम्ही सांगा.

उत्तराची चातकासारखी नाही, पण बरीच वाट बघणारी
तुमची ओवी

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
२ डिसेंबर २०२४

चि. दमूस,
अनेक आशीर्वाद. आशीर्वाद द्यायला आज हात जड झालाय, पण रीत सोडवत नाही.

ओवी, बाळा, हे पत्र तूच आजीला वाचून दाखवशील, मला ठाऊक आहे. मोठ्यानं वाच. एक शब्द गाळू नकोस.

दमू, ती कोरी चिठ्ठी तुझी आहे. कोपऱ्यात पेन्सिलीनं तुझं नाव चाळीस वर्षांपासून लिहिलेलं आहे, वर काही नाही. सेटचा एक अर्थ मोडलेलं हाड बसवणं. डॉक्टर खूप भेटले. एक जण सांगतही होता, मी लिहून घेतलं नाही. ज्याचं ते काम, त्याच्या तोंडून. हे हाड तुझं होतं. दर दिवाळीला तू आलीस की चिठ्ठी खिशात घालून बसायचो. तू ओवाळायचीस, मी फराळ करायचो आणि चिठ्ठी परत खोक्यात जायची. एवढं साधं विचारता आलं नाही मला. शहाण्णव परक्या माणसांना विचारलं.

ओवीला सगळं कळू दे. बासष्ट सालची दिवाळी झाली होती. बाबा दौलताबादच्या टपालकचेरीत होते. आई बाळंतीण होती, अभय आठ दिवसांचा. किल्ल्याच्या वाटेवर सीताफळांची बाग होती, तिला पुरुषभर उंच दगडी भिंत. मी बारा वर्षांचा, तू नऊ. फळं काढून झाली, मी आधी उतरलो. तू भिंतीवर बसून घाबरली होतीस. मी हात पसरून म्हणालो की मार उडी, मी धरतो. तेवढ्यात राखणदार ओरडला आणि मी पळालो. तू उडी मारली होतीस. मी पळताना मागं वळून पाहिलं, दमू. तुला पडताना पाहिलं आणि तरी पळत राहिलो.

संध्याकाळी तू घरी आलीस ती हात परकराच्या ओच्यात लपवून. मी तुला देवीची शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. तीन दिवस तू सांगितलं नाहीस. डाव्या हातानं जेवलीस म्हणून बाबांची बोलणी खाल्लीस. चौथ्या दिवशी ताप चढला तेव्हा आईनं ओचा सोडला. सरूबाईनं बांबूच्या कामट्या बांधताना म्हटलं होतं की उशीर लई झाला, आता बसंल तसं बसंल. मी दाराआड उभा होतो. ते वाक्य माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

तुझी स्थळं मोडली, तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. मी कुणालाही सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. भित्रा होतो, आणखी काही नाही. माफी कशी मागतात ते मला या वयात येत नाही, शब्दांचा एवढा बाजार मांडून बसलोय तरी.

चिठ्ठी सोबत पाठवतो. लिहावंसं वाटलं नाही तर कोरीच परत पाठव, मी तशीच कोरी छापायला सांगेन. तेही योग्यच होईल.

माया कमी केलीस तरी तक्रार करणार नाही.

तुझा
दादा

परभणी
८ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

प्लास्टर निघालं. हे माझ्या हातचं पत्र आहे, दोन दिवस लागले लिहायला. अक्षराला हसशील तर बघ.

तुझं पत्र ओवीनं वाचलं. 'पळालो' वाचून तिनं कागद खाली ठेवला. मी म्हटलं वाच पुढं, मला ठाऊक आहे सगळं, मीच पडले होते. ती बिचारी रडायला लागली आणि मग मीही लागले. सून घाबरून धावत आली, तिला वाटलं नात्यात कुणी तरी गेलं.

आता माझं ऐक. महिनाभर थांबले, कारण हे दुसऱ्याच्या हातानं लिहायचं नव्हतं. राग आला नाही असं समजू नकोस. दुसरं स्थळ मोडलं तेव्हा आला होता, चांगला सणसणून आला होता. आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुला वाटलं मी लाजले. मूर्ख कुठला!

पण तुझ्या त्या शपथेचं एवढं काय घेऊन बसलास? मी नऊ वर्षांची होते, मुकी नव्हते. देवीची शपथ मी त्याआधी दहा वेळा मोडली होती, तुझ्या खोड्या आईला सांगताना. मी सांगितलं नाही ते वेगळ्याच कारणानं. त्या दिवाळीआधी बाबांनी आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं. पोराची आणखी एक तक्रार आली की त्याला अंबाजोगाईला काकांकडं पाठवून देणार, मॅट्रिक होईपर्यंत. तुला कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. तू गेल्यावर त्या घरात मी कुणाशी बोलणार होते? आई बाळंतिणीच्या खोलीत, बाबा कचेरीत. म्हणून ओच्यात हात धरून बसले. दुखत होतं रे, फार दुखत होतं. रोज ठरवायचे की उद्या सांगते. मग तू शाळेतून यायचास आणि मला वाटायचं, आजचा दिवस राहू दे.

तू राहिलास. तिथंच शिकलास, मास्तर झालास, शहाण्णव माणसांच्या मागं फिरलास. त्या पुस्तकाचं वाचून मला काय वाटतं ते तुला कळायचं नाही.

चिठ्ठी भरली आहे. असं लिहिलंय: 'हाड बसलं. वाकडं बसलं, पण बसलं. याच हातानं कळशा उचलल्या, पोरं उचलली. दमयंती, दौलताबाद.' गाव परभणी घालू नकोस, दौलताबादच घाल. तौफिकला सांग, एक अक्षर बदलायचं नाही.

आणखी एक. गुरुजी म्हणतात उजवा हात कर. सासूबाई म्हणायच्या, शेजारणी म्हणायच्या, अगदी आमचे हेसुद्धा चारचौघांत म्हणून जायचे. साठ वर्षांत एका माणसानं मला कधी उजवा हात कर म्हटलं नाही. दर संक्रांतीला तू काही न बोलता तिळगूळ माझ्या डाव्या तळहातावर ठेवतोस. तू चिठ्ठी खिशात घालून बसायचास म्हणतोस, आणि मी दर वर्षी हात पुढं करून बघत असायचे की या खेपेला तरी विसरतो का. विसरला नाहीस. तेवढं मला पुरत होतं रे.

चौदा तारखेला ओवीला घेऊन येते आहे. वड्या तूच कर, माझा हात अजून पाकाला लागायचा नाही. डावा पुढं करीन.

आहे तेवढी माया पुष्कळ आहे, उगाच वाढवत बसू नकोस.

तुझी
दमू