जावेच्या पडद्यावर माझे दार

प्रति,
मा. उपअभियंता (नेटवर्क),
वसाहत देखभाल कार्यालय.

विषय: राउटरचे पोर्ट नीट बांधून माझी घंटी माझ्याकडे वाजवण्याबाबत.

संदर्भ: माझे आधीचे दोन अर्ज, ज्यांवर आपल्या टेबलावर चहाचे कप ठेवलेले मी स्वतः पाहिले.

महोदय,

१. वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन घरे आहेत. एक माझे, दुसरे धाकट्या जावेचे. वाटण्या झाल्यापासून आमचे बोलणे नाही आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. आपल्या कार्यालयाने दोन्ही दारांवर कॅमेरे बसवले. आमचे मालक अंथरुणाला खिळलेले, म्हणून त्यांच्या मनगटाला घंटीचे बटण दिले. मी खाली इस्त्रीच्या दुकानात असते, तिथे मला पडदा दिला, जावेला तिच्या घरात. माझ्या पडद्यावर माझे दार दिसायचे, मालकांची घंटी वाजायची. इथवर आपले उपकार.

२. मग आपण राउटर बंद करून चालू केलात. तेव्हापासून माझे दार जावेच्या पडद्यावर आणि तिचे माझ्या. माझ्याकडे कोण आले, पिशवीत काय आणले, तिला सगळे घरबसल्या. मला तिचे दार दिसते. मी पाहत नाही, दिसते. तिचे पायपुसणे बघून जेवण जात नाही.

३. आपला तंत्रज्ञ आला. म्हणाला, "काकू, हा राउटर म्हणजे खरा डबा नाहीच. आमच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात बनवलेला आहे. चालू करताना वायर लागते त्यातले जे कार्ड आधी जागे होते, त्याला तो पहिला पोर्ट, म्हणजे तुमचे घर, समजतो." हे ऐकून अंगावर पाल पडल्यासारखे झाले. माझ्या सासरी आम्ही चार सुना. आधी उठेल ती थोरली, असा कायदा आम्ही केला असता तर रोज सकाळी नवी थोरली निघाली असती. मी विचारले, कार्डाला स्वतःची ओळख नाही का? म्हणाला, "आहे ना, प्रत्येकावर जन्मापासूनचा नंबर आहे. त्या नंबराशी पोर्ट बांधला की कधीच हलणार नाही. पण वरून सही लागते." मग सही न आणता त्याने वायरी इकडच्या तिकडे केल्या आणि हात झटकले. वीज जाऊन आली, पुन्हा तेच.

४. गेल्या आठवड्यात मालक पलंगावरून घसरले. त्यांनी बटण दाबले. माझ्या पडद्यावर जावेच्या दारात मांजर बसले होते आणि मी शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होते. घंटी वाजली जावेकडे. मी जेवायला वर गेले तेव्हा ती जमिनीवर बसून त्यांचे डोके मांडीवर घेऊन म्हणत होती, "भाऊजी, हलू नका, ताई येतीलच." मला बघून उठली. "माझ्याकडे वाजली म्हणून आले. नाहीतर आले नसते." मी म्हटले, मी बोलावलेही नसते. दोघींनी मिळून त्यांना पलंगावर घेतले.

माणूस जमिनीवर पडलेला आणि यंत्र मांजर दाखवते, याची आपल्याला लाज वाटत नसेल तर मला आपल्या वतीने वाटते.

५. तरी विनंती की, प्रत्येक पोर्ट त्याच्या कार्डाच्या नंबराशी बांधून सही करावी. माझे दार मला, तिचे तिला. घंटी मात्र दोन्हीकडे वाजू द्यावी. माझे गुडघे जिना चढेपर्यंत वेळ घेतात, ती समोरच असते. याचा अर्थ समेट झाला असा आपल्या दप्तरात नोंदवू नये.

आपली, जमेल तितकी नम्र,
थोरली, इस्त्रीवाली
दिनांक: शिक्का माराल तो

सोबत: आधीच्या दोन्ही अर्जांच्या नकला. मूळ प्रती आपल्या कपांखाली आहेत.

घंटीपुरती संमती: धाकटी जाऊ.
(अर्ज वाचला. पायपुसणे बदलले आहे.)