वाडीतलं एक मत

सौ. क्रांतीस, इचलकरंजीहून सम्राटचे आशीर्वाद.

माझी काळजी करू नको. जेवण वेळेवर हाय. मंदीमुळं कापडाचं माग आठवड्यातनं तीनच दिवस चालत्यात, तेवढीच विश्रांती. म्हस व्याली का? आपल्या अन्वीचा खोकला थांबला का?

फोनवर बोललं की घरात सगळी ऐकत्यात, म्हणून पत्र लिवतोय.

रस्ता पुरा व्हावा म्हणून आपल्या तात्यांनी वाडीतल्या एकसष्ट जणांच्या हातावर देवाचा भंडारा ठिवला, एकाच माणसाला मत द्यायची शपथ घ्यायला लावली. वाडीच्या मोजणीत त्याला साठच निघाली. तो निवडून आला, पण एक मत फुटलं म्हणून दुसऱ्याच दिवशी रस्त्यावरचा रोलर घेऊन गेला. विठाबाई काकूचं सरकारी महिन्याचं पैसं बंद झालंत, म्हणून तिनंच मत फिरवलं, असं सगळी धरून बसल्यात.

काल फोनवर तू म्हणालीस, रविवारी तिला देवळात उभी करून परत भंडारा उचलायला लावणार. तवापासनं तुटला धागा जोडता येईना.

क्रांती, ते मत माझं हाय. मताला गावी आलो तवा मशीनपुढं बंद माग डोळ्यांसमोर आलं आन् त्या माणसाच्या सरकारचा राग आला. शपथ आठवली तवर बटण दाबून झालं हुतं.

बाप असूनबी तात्या मला उंबऱ्याच्या आत घेणार न्हाईत. तरी रविवारच्या आधी हे पत्र त्यांच्या हातात दे. त्यांना नमस्कार सांगायला मला तोंड न्हाय.

शपथ घेताना माझा दुसरा हात अन्वीच्या डोक्यावर हुता. तिचा खोकला थांबला का, तेवढं आधी कळव.

सम्राट