हरलेला राजा

मँचेस्टर, ५ जून १९५३

आई, तुझ्या ब्रायडीकडून तुला आणि बाबांना खूप खूप प्रेम.

मी ठणठणीत आहे, जेवण पोटभर मिळतं. बाबांचा खोकला कसा आहे?

नव्या राणीच्या राज्याभिषेकानिमित्त मेट्रनबाईंनी आम्हा शिकाऊ नर्सना चहाला बोलावलं आणि प्रत्येकीला आवडता राजा विचारला. मी म्हटलं, "रोरी ओकॉनर. आयर्लंडचा शेवटचा राजाधिराज. आमच्या गावच्या मठातच वारला."

बाई हसल्या. "अगं, तो तर आमच्याच राजापुढे हरलेला!"

"तुमचा इंग्रज राजा हॅरॉल्डही १०६६च्या लढाईत हरलाच की. तरी त्याचा धडा शाळेत आहेच ना?"

बाईंनी कप खाली ठेवला.

"माफी माग, नाहीतर ऑगस्टची रजा विसर."

"विसरले, बाई," मी म्हटलं. मान खाली घातली नाही.

म्हणजे यंदा गवत कापायला मी नाही. डेक्लनदादा एकटा उरकेल ना? बाबांना शेतात उतरू देऊ नकोस.

शेजारची नोरामावशी विचारेलच, ब्रायडी का आली नाही. आजारी आहे, असं सांगू नकोस. खरं तेच सांग, आणि चर्चच्या दारात, चारजणींना ऐकू जाईल असं सांग.

तुझी हट्टी लेक,
ब्रायडी